सहा तासांचा दिवस, फॉर्मला वीस मिनिटं

एका विद्यापीठाने हायस्कूलच्या पोरांसाठी भरवलेल्या दिवसाचं हे परीक्षण. ताऱ्यांचा आकडा आधीच देऊन टाकते, कारण बरेच जण तेवढाच बघायला येतात. पाचपैकी साडेतीन. त्यातला अर्धा झेंडूच्या फुलांचा. तो कुणाला मान्य नसेल तर तीन धरा.

मी तासगावची. बीएड कोल्हापूरचं. गेली सोळा वर्षं कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात, फ्रेझ्नोच्या खालच्या अंगाला, ९९ नंबरच्या हायवेला चिकटलेल्या एका गावात सरकारी हायस्कूलला गणित शिकवते. तासगाव सोडून जगाच्या दुसऱ्या टोकाला आले आणि परत बेदाण्यातच येऊन पडले. शेजारचं सेल्मा गाव स्वतःला बेदाण्याची राजधानी म्हणवतं. द्राक्षही तेच, थॉमसन. आपल्याकडचं तास-ए-गणेश आणि सोनाका हे त्याच्याच पोटातले. फरक वाळवण्यात. आपण डिपिंग ऑइलमध्ये बुचकळून शेडच्या जाळीवर टाकतो. इथे ऑगस्ट संपता संपता घड तोडतात, वेलींच्या दोन ओळींमधल्या मातीवर कागद अंथरतात आणि त्यावर उन्हात पसरून देतात. त्या कागदाला ट्रे म्हणतात, आणि मजुरी ट्रेवर मोजतात. माझ्या वर्गातल्या बहुतेक पोरांच्या घरात कुणी ना कुणी ट्रे भरलेले आहेत. काही पोरांनी स्वतःही.

तर अशा पोरांना विद्यापीठ दाखवायचा हा दिवस. ‘लॅटिने विद्यार्थ्यांनी उच्च शिक्षणाकडे वळावं’ म्हणून भरवलेला. लॅटिने म्हणजे मेक्सिकोसारख्या लॅटिन अमेरिकेतल्या देशांतून आलेल्या घरांतले. नोव्हेंबरातला पहिला शनिवार, सकाळी साडेआठ ते अडीच, प्रवेश फुकट, बस शाळेची, जेवण त्यांचं. नववी ते बारावीची मुलं आणि सोबत पालक. आमच्या शाळेतून बेचाळीस मुलं, अकरा आया, दोन बाप आणि मी.

विद्यापीठाचं नाव मुद्दाम घेत नाही. राबली ती तिथली वीस-एकवीस वर्षांची पोरं, आणि नाव घेतलं की बोल त्यांनाच लागतो. सरकारी विद्यापीठांपैकी एक, एवढं पुरे. पदवीच्या पटावर निदान पाव मुलं हिस्पॅनिक, म्हणजे स्पॅनिशभाषक मुळांची, असली की इथे ती संस्था ‘हिस्पॅनिक-सर्व्हिंग’ ठरते. हे विद्यापीठ त्यात सहज बसतं, आणि दारावरच्या फलकावर ते अभिमानाने लिहिलेलंही आहे.

‘लॅटिने’ हा शब्द मलाही आधी शोधावा लागला होता. स्पॅनिशमध्ये मुलगा लॅटिनो, मुलगी लॅटिना, आणि दोघांना मिळून म्हणायचं तर पुन्हा पुल्लिंगीच, तक्रार तिथे. मध्ये काही वर्षं शेवटी ‘एक्स’ लावायची टूम निघाली, पण तो एक्स स्पॅनिश जिभेवर बसेना, म्हणून आता ‘ए’. आपल्याकडे तिसरं लिंग घरचंच, ते पोर, ते लेकरू, त्यामुळे मला हा खटाटोप चटकन पटला. बसमधल्या एकाही आईने मात्र दिवसभरात तो शब्द उच्चारला नाही. त्या मेक्सिकन म्हणवतात, नाहीतर सरळ आपल्या गावाचं नाव सांगतात.

बस सव्वासातला निघायची ती आठला दहा कमी असताना निघाली. त्यात विद्यापीठाची चूक नाही. मोसमातलं पहिलं धुकं पडलं होतं. या खोऱ्यातलं धुकं वरून उतरत नाही, ओल्या जमिनीतून उगवतं; तुले धुकं म्हणतात त्याला, आणि ते पुढच्या गाडीचे दिवेसुद्धा गिळतं. ड्रायव्हर थांबला ते बरंच केलं.

माझ्या शेजारच्या बाकावर बारावीची एक मुलगी आणि तिची आई. मुलीचं नाव सांगणार नाही. आई तिला ‘मिहा’ म्हणते, म्हणजे ‘माझी पोर’. आपण ‘बाळा’ म्हणतो ना, तसं. मीही इथे तिला मिहाच म्हणते. आईने त्या दिवशी डाळिंबाच्या तोडीवर खाडा केला होता. नोव्हेंबरात इथे डाळिंब चालू असतं, आणि शनिवार म्हणजे पूर्ण रोज. तेव्हा प्रवेश फुकट असं पत्रकावर लिहिलेलं असलं, तरी या बाईला हा दिवस एका रोजाला पडला होता. परीक्षण लिहिताना मी तेच माप धरलंय: एका रोजाच्या बदल्यात काय मिळालं?

पोचलो तेव्हा नाश्ता आवरत आणला होता. उरलेल्यात दोन पेट्या कोंचा होत्या, वर साखरेची शिंपल्यासारखी रेघारेघांची खपली असलेला गोड पाव. कॉफी कोमट. पण हॉलच्या तोंडाशीच वेदी मांडली होती. १ आणि २ नोव्हेंबर हे ह्यांचे मृतांचे दिवस; वेदी अजून उतरवली नव्हती. गेलेल्या माणसांचे फोटो, मेणबत्त्या, मीठ, पाण्याचा पेला, पाव, आणि झेंडू. ढिगाने झेंडू, कमानीला, पायरीला, जमिनीवर वाट काढून पसरलेला. त्याला सेम्पासुचिल म्हणतात. आपलं दसऱ्याचं पान ज्याच्याशिवाय हलत नाही ते फूल मूळचं मेक्सिकोचं, ह्यांच्याकडून जगभर गेलेलं. पाण्याचा पेला बघून मला सर्वपित्री अमावास्येची आठवण झाली. मिहाची आई तिथे बराच वेळ उभी राहिली. पायाखाली येईल अशी एक पाकळी तिने वाकून उचलली आणि पायरीवर परत ठेवली. दिवसभरात ती मोकळी उभी दिसली ती पहिल्यांदा तिथे. ज्या कुणाच्या डोक्यातून ही वेदी दारातच मांडायची कल्पना निघाली, त्याला अर्धा तारा.

मग भाषण. चाळीस मिनिटं. पहिली दहा सोन्यासारखी. बोलणाऱ्या प्राध्यापिकेने मेंडेझ खटला सांगितला. ऑरेंज काउंटीतल्या वेस्टमिन्स्टरला मेंडेझ कुटुंबाच्या मुलांना जवळच्या शाळेने घेतलं नाही. मेक्सिकन मुलांची शाळा वेगळी आहे, तिकडे जा. १९४५ मध्ये पाच बापांनी मिळून खटला भरला, १९४६ मध्ये जिंकला, १९४७ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला. काळ्या मुलांच्या शाळांबद्दलचा तो सगळ्यांना पाठ असलेला ब्राउन निकाल १९५४ चा, म्हणजे सात वर्षं नंतरचा. पुढे १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसच्या हायस्कूलमधली हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली, आम्हाला फक्त कामगार करायला शिकवू नका म्हणून. आणि १९६९ मध्ये राज्याने कायदा करून ईओपी सुरू केलं, म्हणजे गरीब घरातल्या, पहिल्या पिढीच्या मुलांना प्रवेशात, पैशात आणि अभ्यासात हात देणारी योजना. आजही अर्ज भरताना त्याचा वेगळा रकाना असतो. हे असं क्रमाने, तारखांनिशी सांगितल्यावर मागच्या रांगेतली पोरंसुद्धा मोबाईलमधून वर आली. सोळा वर्षं इथे शिकवून मेंडेझ मला अर्धवटच माहीत होता, हेही कबूल करते.

उरलेली तीस मिनिटं स्वप्नांची. स्वप्नं मोठी बघा, आभाळ तुमचंच आहे, मी करू शकले तर तुम्हीही. शेवटी सगळ्यांना उभं करून ‘सी से पुएदे’च्या, म्हणजे ‘होय, जमतं’च्या घोषणा. ही घोषणा शेतमजुरांच्या संघटनेची, १९७२ ची, दोलोरेस वेर्ताने दिलेली. आणि ज्या देलानोत १९६५ चा द्राक्षमजुरांचा संप पेटला ते गाव आमच्यापासून तासाभरावर. त्या घोषणेला इथे वजन आहे. ते असं सकाळी दहाला, कोमट कॉफीवर, टाळ्यांसाठी खर्चू नये असं माझं मत. मिहा त्या वेळात पत्रकाच्या कोऱ्या बाजूवर काहीतरी बेरजा करत होती.

त्यानंतर मुलांना वेगळं केलं, पालकांना वेगळं. मी आधी मुलांबरोबर गेले, आणि दिवसातला सगळ्यात चांगला पाऊण तास तिथे मिळाला.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत अर्ज करायला हायस्कूलचे ठरावीक विषय लागतात, ‘ए ते जी’ म्हणतात त्यांना. वर्षभराचे पंधरा. इतिहास दोन वर्षं, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगशाळेचं विज्ञान दोन, इंग्रजी सोडून दुसरी भाषा दोन, कला एक, निवडीचा एक. प्रत्येकात निदान सी श्रेणी. हायस्कूल पास होणं वेगळं आणि हे वेगळं. हे न कळल्यामुळे चांगली पोरं दरवर्षी हातची जातात. भूमिती झाली की गणित सुटलं असं समजणारी तर माझ्याच वर्गात ढिगाने. तिथल्या दोन विद्यार्थ्यांनी भाषण केलं नाही. प्रत्येक पोराच्या हातात त्याचं स्वतःचं गुणपत्रक दिलं, आमच्या शाळेकडून आधीच मागवून ठेवलेलं, आणि तीन रंगांचे मार्कर. झालेलं हिरवं, चालू असलेलं पिवळं, राहिलेलं गुलाबी. बस्स.

दहावीतल्या एका पोराच्या कागदावर भाषेचा रकाना पूर्ण गुलाबी निघाला. घरी जन्मापासून स्पॅनिश, आणि विद्यापीठाच्या हिशेबात दुसरी भाषा शून्य! आधी सगळे हसले. मग मार्करवाल्या मुलीने त्याला सांगितलं, एपी स्पॅनिशची, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणारी कॉलेजच्या पातळीची परीक्षा दे, पाचपैकी तीन पडले की हा रकाना भरला. त्याने तिथेच कागदावर मोठ्या अक्षरात ‘मे’ लिहिलं, परीक्षेचा महिना. मला इतक्या वर्षांत ही मार्करची युक्ती सुचली नाही याचा रागच आला. दुसऱ्या सोमवारी मी स्टाफरूममध्ये मार्करचे तीन डबे आणून ठेवले.

दुसरा वर्ग निबंधाचा. यूसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या अर्जात आठ प्रश्न असतात, त्यातले कोणतेही चार निवडायचे, प्रत्येकाला जास्तीत जास्त साडेतीनशे शब्द. एसएटी या प्रवेशपरीक्षेचे गुण आता यूसीही बघत नाही आणि सीएसयू, म्हणजे कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीही नाही, त्यामुळे यूसीकडे या चौदाशे शब्दांना चांगलंच महत्त्व आलंय. शिकवणारा मुलगा उत्साही होता, पण त्याने पोरांना एकच गुरुकिल्ली दिली: तुमचा संघर्ष लिहा. फळ्यावर यादी काढायला लावली. गरिबी, आजारपण, बापाचं सोडून जाणं. पोरं खाली मान घालून लिहायला लागली.

मिहा माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “मिस, माझी गोष्ट काही तेवढी दुःखी नाहीये.”

मी म्हटलं, मग सकाळी बेरजा कसल्या करत होतीस?

तर ती ट्रेंचा हिशेब करत होती. दहा वर्षांची असल्यापासून ती आईच्या ट्रेंची वही ठेवते, कारण मुकादमाचा आकडा नेहमी आईच्या आकड्यापेक्षा कमी यायचा. वहीत तारीख, ओळीचा नंबर, ट्रे. दोन वर्षांपूर्वी ती वही मुकादमापुढे धरली आणि सहा दिवसांचा फरक भरून मिळाला. ही गोष्ट तिला निबंधाच्या लायकीची वाटत नव्हती, कारण त्यात कुणी रडत नाही. शिकवणाऱ्या मुलाला दोष देत नाही, त्यालाही कुणीतरी असंच शिकवलं असणार. पण दारिद्र्य दाखवलं तरच दार उघडतं असं सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या मनात भरवणं मला खुपतं. आपल्याकडेही स्कॉलरशिपच्या मुलाखतीला जाताना पोरीला जुना ड्रेस घालायला सांगणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत.

तिथून मी पालकांच्या खोलीत गेले, आणि दीड तारा कुठे गेला ते आता सांगते.

खोलीतलं सगळं स्पॅनिशमध्ये होतं. हे त्यांनी चांगलंच केलं. इंग्रजीत बोलून कानाला भाषांतराचं यंत्र लावण्यापेक्षा हजारपट बरं. बोलणारी बाई हुशार, विनोदी, आया हसत होत्या. मिहाची आई पहिल्या रांगेत, पर्स मांडीवर, पाठ ताठ, आणि दर वाक्याला मान हलवत ‘सी, सी’. मी तिच्याकडे दोन मिनिटं बघितलं आणि मला ते मान हलवणं ओळखू आलं. समजल्याचं नव्हतं ते. बोलणाऱ्याचा मान राखायचं होतं.

तिची भाषा स्पॅनिश नाही. ती मेक्सिकोतल्या वाहाका राज्याच्या डोंगरातली, मिश्तेको बोलणारी. त्या भाषेला ते लोक स्वतः ‘तुउन सावी’ म्हणतात, पावसाची बोली. या खोऱ्यात, मादेरा-फ्रेझ्नोकडे, असे लोक खूप आहेत. स्पॅनिश तिला येते ती बाजारापुरती आणि मुकादमापुरती. ‘पात्रता’, ‘अनुदान’, ‘कर्ज’, ‘अर्जदाराचं योगदान’ असले शब्द त्यात नसतात. गोरमाटी बोलणाऱ्या ऊसतोड बाईला पुण्याच्या मराठीत शिष्यवृत्तीचा जीआर वाचून दाखवा आणि मराठीच तर आहे म्हणा, तसंच हे. दिवस भरवणाऱ्यांनी ‘लॅटिने’ या शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर बराच विचार केला होता. त्या शब्दात कोणकोण येतं यावर थोडा कमी.

आणि मुलांना त्या खोलीत मनाई. ‘फक्त पालक’ अशी पाटी. म्हणजे जी एकटी सगळं समजावून देऊ शकली असती ती पोर शेजारच्या इमारतीत संघर्षाची यादी करत बसलेली.

खोलीत एक गोष्ट पंधरा सेकंदांत उरकली गेली, ती मला चुटपुट लावून गेली. वर्क-स्टडी. गरजू विद्यार्थ्याला शिकता शिकता विद्यापीठातच काम, पगार. माझे वडील साताऱ्याला छत्रपती शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’तून शिकले. कर्मवीरअण्णांची ती योजना नसती तर मी आज कुठल्या वर्गात उभी असते कोण जाणे. माझ्या आजीला ‘शिष्यवृत्ती’ समजली नसती. ‘काम करील आणि शिकंल’ हे एका वाक्यात समजलं. या आयांनाही तेच समजलं असतं. त्यांच्यापुढे पेल ग्रँटचा, म्हणजे केंद्राच्या अनुदानाचा, वर्षाचा कमाल आकडा, ७,३९५ डॉलर, पडद्यावर पाच मिनिटं झळकत होता, आणि वर्क-स्टडी तळाशी बारीक अक्षरात.

जेवण खोक्यातलं. टर्कीचं सँडविच, सफरचंद, चिप्स. मी शाकाहारी, माझं सफरचंद आणि चिप्स. मिहाच्या आईने पिशवीतून फॉइलमध्ये गुंडाळलेल्या टॉर्टिया काढल्या, आत घोटलेल्या राजम्याची भाजी, आणि एक माझ्या हातात ठेवली. “कोमा, माएस्त्रा.” खा, बाई. जेवणाचे गुण मी यावरून देणार असते तर पाचपैकी पाच.

जेवताना मिहाने आईला दोन तासांचं सगळं वीस मिनिटांत सांगितलं. अर्धं मिश्तेकोत, अर्धं स्पॅनिशमध्ये, आकडे इंग्रजीत. आईचा प्रश्न एकच, आणि तो सकाळपासूनचा होता: रात्री झोपणार कुठे?

हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कॅलिफोर्नियात सरकारी विद्यापीठाच्या फीपेक्षा तिथे राहण्या-जेवणाचा खर्च जास्त येतो. जेवणानंतरच्या फेरीत मात्र पोरांना दाखवलं काय, तर वसतिगृहाची नमुन्याची खोली, भिंत चढायची व्यायामशाळा आणि रात्री दोनपर्यंत उघडी असणारी पिझ्झाची खिडकी. घरून येऊन-जाऊन शिकणारी मुलं तिथे भरपूर आहेत; पार्किंगच बघा ना केवढं. त्यांचा दिवस कसा जातो, गाडी नसेल तर बस कुठून मिळते, दोन तासांच्या मधल्या सुट्टीत बसायचं कुठे, हे कुणी दाखवलं नाही. आईच्या कानावर पडलं ते एवढंच, की पोर घरून जाणार.

वसतिगृहाच्या टेबलावर एक विद्यार्थिनी बसली होती, मादेराची. मिहा आणि आई आपसात बोलत होत्या ते ऐकून तिने मान वर केली आणि मिश्तेकोत काहीतरी म्हणाली. आई एकदम वळली. उत्तर दिलं. मग दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि हसायला लागल्या. गाव वेगळं, डोंगर वेगळा, शब्द जुळेनात. मिश्तेको ही एक भाषा म्हणायची, पण एका खोऱ्यातलं दुसऱ्या खोऱ्यात कळेलच असं नाही. शेवटी दोघी मोडक्यातोडक्या स्पॅनिशवर आल्या. पण त्या हसण्यानंतर आईने दिवसातला पहिला प्रश्न स्वतः विचारला, मुलीमार्फत नाही. तू कुठे झोपतेस? ती म्हणाली, मी घरीच. आठवड्यातले चार दिवस येते, चुलतभावाच्या गाडीतून, पेट्रोलचे पैसे वाटून घेतो. आईने विचारलं, रात्री किती वाजता पोचतेस? तुझी आई काय म्हणते? स्वयंपाक कोण करतं? असं दहा मिनिटं. त्या टेबलावरच्या चकचकीत पत्रकांपैकी एकाचीही गरज पडली नाही. ती मुलगी खरं तर वसतिगृह खपवायला बसवलेली होती.

आता फॉर्म. उशिरा का होईना, दिवसाचा खरा ऐवज हाच. केंद्राच्या मदतीचा अर्ज म्हणजे फाफसा. ज्यांना तो भरता येत नाही त्यांच्यासाठी राज्याचा वेगळा, ड्रीम ॲक्टचा. कॅल ग्रँटची, म्हणजे राज्याच्या अनुदानाची, परंपरेने चालत आलेली तारीख २ मार्च. कार्यक्रमपत्रिकेत याला एक तास होता. भाषण लांबलं, फेरी लांबली, आणि अडीचला बस सुटायची. उरली वीस मिनिटं. संगणकाच्या खोलीत तीस संगणक, सत्तर माणसं.

त्या वीस मिनिटांतली बारा तर एकाच गोष्टीत गेली. विद्यार्थ्याचं खातं वेगळं, आई किंवा वडील ज्यांचं उत्पन्न धरायचं त्यांचंही वेगळं. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्या पालकालाही खातं काढता येतं, पण ओळख पटवायला वेळ लागतो. त्यासाठी ईमेल हवा, फोनवर येणारा आकडा हवा. निम्म्या आयांकडे ईमेल नव्हता. हे सगळं आदल्या आठवड्यात शाळेत करून घ्या, अशी एक चिठ्ठी पाठवली असती तर आम्ही करून आणलं असतं!

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. मागून एका बापाने अगदी हळू विचारलं, हा फॉर्म भरला तर तो कुणाच्या हातात जातो? खोली गप्प झाली. मदतनीस बाईने गोड बोलून वेळ मारून नेली नाही. फाफसा केंद्र सरकारकडे जातो, ड्रीम ॲक्टचा अर्ज राज्याच्या आयोगाकडे. तुमच्या घरात काय आहे ते मला इथे सांगू नका, पण आमच्या कायदा सल्लागाराला एकांतात विचारा, पैसे पडत नाहीत. तिने भिंतीवरची वेळ दाखवली आणि पुढे गेली. इतकं सरळ उत्तर मी या विषयावर फार कमी वेळा ऐकलंय. कोणत्या पोराच्या घरी या देशात राहायचे कसले कागद आहेत हे मी सोळा वर्षांत विचारलेलं नाही, विचारणारही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या प्लायलर निकालापासून सरकारी शाळेत पोर घेताना त्याचा संबंधच येत नाही.

आणखी एक, जे कुठल्याही भाषणात नव्हतं आणि पिशवीतल्या अकरा पत्रकांपैकी नवव्याच्या मागे सापडलं. यूसीचा अर्ज एका कॅम्पसला ८० डॉलर, सीएसयूचा ७०. उत्पन्न कमी असेल तर दोन्हीकडे चार-चार कॅम्पसपर्यंत माफी. मिहा पैसे वाचवायला दोनच अर्ज करणार होती. हे मला बसमध्ये कळलं, माझ्या हातातलं पत्रक उलटं झालं म्हणून. अर्जाची मुदत साधारण नोव्हेंबरअखेरची, म्हणजे जेमतेम चार आठवडे होते.

परतीच्या वाटेवर धुकं विरलेलं, पोरं झोपलेली. मिहाच्या आईने खिडकीतून बघत मला विचारलं, ही बस रोज येते का?

मी म्हटलं, नाही, वर्षातून एकदा.

“आह,” म्हणाली, आणि पिशवीतून दोन डाळिंबं काढून दिली.

तर जावं का? तुम्ही या खोऱ्यात किंवा लॉस एंजेलिसकडे शाळेत शिकवत असाल, आपल्या लोकांपैकी बरेच जण शिकवतात, तर पोरांना घेऊन जरूर जा. पण गुणपत्रकं आधी छापून न्या, पालकांची खाती आधी शाळेत काढून घ्या, आणि ‘फक्त पालक’ अशी पाटी दिसली तर पोराला घेऊन सरळ आत शिरा. भाषणाची शेवटची तीस मिनिटं सोडून बाहेर आलात तर काही बुडत नाही. भरवणाऱ्यांना मी तीन पानी पत्र पाठवलंय, विनंतीवजा. उत्तर सभ्य आलं. पुढच्या वर्षी मिश्तेको बोलणारं माणूस ठेवायचा विचार आहे म्हणतात. कुठलं मिश्तेको, ते विचारायला मी दुसरं पत्र लिहिलंय.

फॉर्म आम्ही मंगळवारी माझ्या वर्गात पुरा करायला बसलो, सहा वाजता. मिहाच्या आईच्या फोनमधले पैसे संपले होते, आकडा येईना. मिहाचा भाऊ दुकानात जाऊन कार्ड घेऊन आला. साडेआठला आकडा आला, तो टाकेपर्यंत मुदत संपली, परत मागवला. नऊ वाजून दहा मिनिटांनी खातं निघालं. आईने पडद्यावरचं स्वतःचं नाव बोट ठेवून वाचलं आणि मिहाला सांगितलं, वहीत लिहून ठेव. तारीख टाक.